पाडवा ९ एप्रिलला, वर्षअखेर ३१ मार्चला: इंदूरमधील एका स्वागतयात्रेच्या अनुदानाचे प्रकरण

पार्श्वभूमी

इंदूरच्या जुन्या मराठी वस्त्यांपैकी एका वस्तीत गुढीपाडव्याच्या सकाळी नववर्ष स्वागतयात्रा निघते. वस्तीचे, समितीचे आणि माणसांचे नाव येथे दिलेले नाही. रकमांचे आकडेही मुद्दाम वगळले आहेत, कारण त्यांवरून समिती सहज ओळखता येईल. मी त्या काळात समितीची सहचिटणीस होते आणि बहुतेक पत्रव्यवहार माझ्याच हातून गेला, तेव्हा पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत त्यांत माझाही वाटा आहे.

डोंबिवलीत १९९० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेल्या स्वागतयात्रा पाहून आलेल्या काही कुटुंबांनी आमच्याकडे ही प्रथा आणली. लेझीम, ढोल-ताशा, नऊवारीतल्या बायकांचे दुचाकी पथक, ग्रंथांची पालखी आणि अहिल्याबाईंच्या घाटबांधणीवर किंवा महेश्वरच्या विणकामावर एखादा चित्ररथ, असे तिचे रूप असते. होळकरांच्या गावात मराठी माणसाने वर्षातून एक सकाळ आपल्या पद्धतीने रस्त्यावर यावे, एवढाच तिचा हेतू होता. खर्च वर्गणीतून आणि स्मरणिकेतील जाहिरातींतून निघत असे. जमाखर्चाची वही होती, पण समिती नोंदणीकृत नव्हती आणि पैसे कोषाध्यक्षांच्या वैयक्तिक खात्यात जमा होत.

२०२३ मध्ये पाडवा २२ मार्चला होता. त्या वर्षी वॉर्डाच्या पार्षदांनी, म्हणजे नगरसेवकांनी, आपुलकीने लक्ष घातले. आदल्या रात्री रस्ता झाडून घेतला गेला, पाण्याचा टँकर आला, चलित शौचालये उभी राहिली. आम्ही यासाठी एका ओळीचे पत्रही दिले नव्हते. सगळे तोंडी झाले आणि इतके सुरळीत झाले की पुढच्या वर्षी नगर निगमाकडून (महापालिकेकडून) रोख अनुदान मागावे, हा विचार आपोआपच पुढे आला.

या विचाराला गावातल्या एका मोठ्या परंपरेचा आधार होता. अनंत चतुर्दशीच्या रात्री हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण आणि स्वदेशी या मिलच्या झांक्या, म्हणजे देखाव्यांचे चित्ररथ, निघतात. मिल बंद पडून कित्येक वर्षे लोटली तरी कामगारांच्या गणेशोत्सव समित्यांनी ती प्रथा टिकवली आहे, आणि त्यांना नगर निगम व विकास प्राधिकरण यांच्याकडून अर्थसाहाय्य मिळत आले आहे. हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकलेल्या देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश २५ डिसेंबर २०२३ रोजी सुपूर्द झाला, तेव्हा घराघरांत मिलच्या आणि झांक्यांच्या आठवणी निघत होत्या. त्याच दिवसांत आमच्या बैठकीत वाक्य आले, "झांक्यांना मिळतं, मग आपल्याला का नाही?" त्यावर कोणीही प्रश्न विचारला नाही. तो प्रश्न विचारायला हवा होता, हे मला फार उशिरा कळले.

अडचण

फेब्रुवारी २०२४ च्या आरंभी आम्ही आयुक्तांच्या नावे अर्ज दिला आणि त्याची प्रत झोन कार्यालयात दिली. पार्षदांनी प्रस्ताव महापौर परिषदेपर्यंत (महापौर आणि त्यांच्या निवडक पार्षदांच्या कार्यकारी समितीपर्यंत) नेण्याचा शब्द दिला. तो शब्द प्रामाणिक होता, याविषयी मला आजही शंका नाही. पण त्या शब्दाच्या बळावर आम्ही फेब्रुवारी संपण्याच्या आत मांडववाल्याला, दोन चित्ररथांच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांना आणि फुलवाल्याला बयाणा देऊन टाकला. आदल्या वर्षी एक चित्ररथ होता. या वर्षी तीन ठरले. मंजुरीचा कागद हातात नसताना खर्चाचा आराखडा जवळपास दुप्पट झाला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात लेखा शाखेतील एका अनुभवी कर्मचाऱ्याने आमच्या कोषाध्यक्षांना अगदी साधे प्रश्न विचारले. कार्यक्रम कोणत्या तारखेला आहे? पैसे कोणाच्या खात्यात द्यायचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ९ एप्रिल होते. म्हणजे प्रस्ताव २०२३-२४ च्या तरतुदीतून मंजूर झाला असता, तरी खर्च २०२४-२५ मध्ये होणार होता, आणि न झालेल्या कार्यक्रमाचे बिल ३१ मार्चपूर्वी लागणे शक्य नव्हते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना कोषाध्यक्ष संकोचले, कारण एखाद्या व्यक्तीच्या बचत खात्यात सार्वजनिक निधी जाऊ शकत नाही, हे त्यांना स्वतःलाच दिसत होते.

तिसरी गोष्ट आठवडाभरात घडली. १६ मार्च रोजी लोकसभा निवडणूक जाहीर झाली आणि त्याच क्षणापासून आदर्श आचारसंहिता लागू झाली. निवडणूक जाहीर झाल्यापासून मंत्री आणि इतर प्राधिकाऱ्यांनी स्वेच्छाधीन निधीतून अनुदाने किंवा रकमा मंजूर करू नयेत, असे त्या संहितेत स्पष्ट म्हटले आहे. आमचा प्रस्ताव नेमका त्याच प्रकारचा होता. तो त्या वेळी कोणाच्या टेबलावर होता, याला आता अर्थ उरला नव्हता.

येथे झांक्यांशी केलेली तुलना कोसळली. अनंत चतुर्दशी साधारणपणे सप्टेंबरात येते. एप्रिलपासून मार्चपर्यंतच्या वर्षात ती मध्यभागी असते, त्यामुळे तरतूद, मंजुरी, कार्यक्रम, बिल आणि लेखापरीक्षण या सगळ्या पायऱ्या एकाच वर्षात बसतात. पाडवा मात्र वर्षअखेरीच्या उंबरठ्यावर डोलत राहतो. २०२३ मध्ये तो २२ मार्चला होता, २०२४ मध्ये ९ एप्रिलला, २०२५ मध्ये ३० मार्चला. अधिकमासाच्या चक्रामुळे तो कधी उंबरठ्याच्या अलीकडे, कधी पलीकडे. आम्ही पाडव्याची तिथी वर्षानुवर्षे पंचांगात पाहिली होती, पण ती अंदाजपत्रकाच्या शेजारी ठेवून एकदाही पाहिली नव्हती.

समोरचे पर्याय

१८ मार्चच्या बैठकीला अकरा जण होते. ती बैठक चार तास चालली आणि या प्रकरणातली सर्वांत कठीण होती.

पहिला पर्याय एका हितचिंतकाने सुचवला. बिले मार्चच्या तारखेची घ्यावीत आणि मंजुरीची टीप आचारसंहितेच्या आधीची दाखवता येते का, ते पाहावे, असे त्याचे म्हणणे होते. "काम तर होणारच आहे ना, तारीख फक्त मागची," असे तो म्हणाला, आणि मी खोटे का सांगू, क्षणभर ते अनेकांना पटले. बयाणा गेलेला होता, चित्ररथाचे सांगाडे उभे राहत होते, मुलींचा लेझीमचा सराव महिनाभर चालू होता. त्या क्षणी कोषाध्यक्ष बोलले. सत्तरी ओलांडलेले हे गृहस्थ एरवी बैठकीत फारसे बोलत नसत. ते म्हणाले, "काम एप्रिलचं असेल तर बिल एप्रिलचं. खोट्या तारखेवर सही करायची असेल, तर आधी माझा राजीनामा घ्या." अध्यक्षांनी त्यांना बसवले, म्हणाले, "काका, राजीनाम्याचा विषय नाही," आणि तो पर्याय तेथेच संपला. व्यवहाराच्या अंगानेही तो आत्मघातकी होता. निगमाच्या हिशेबांची स्थानिक निधी संपरीक्षा (सरकारी लेखापरीक्षण) होते, आणि ९ एप्रिलला निघालेल्या यात्रेचे मार्चमधले बिल कोणाही लेखापरीक्षकाला वर्तमानपत्रातल्या एका छायाचित्रावरून पकडता आले असते. पण कोषाध्यक्षांनी पकडले जाण्याची भीती घातली नाही. त्यांनी फक्त ते खोटे आहे एवढेच सांगितले, आणि मला वाटते, म्हणूनच ते सर्वांनी ऐकले.

दुसरा पर्याय एखाद्या जुन्या नोंदणीकृत मराठी संस्थेच्या खात्यातून अनुदान घेण्याचा होता. एका संस्थेच्या विश्वस्तांशी बोलणे झाले. त्यांनी नम्रपणे, पण नेमके विचारले की खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र कोण देणार, आणि खर्चावर ज्यांचे नियंत्रण नाही त्यांनी ते का द्यावे. त्यांनी आणखी एक मुद्दा काढला. आमच्या अर्जात एका परिच्छेदात यात्रेला "धार्मिक" म्हटले होते आणि पुढच्यात "सांस्कृतिक". संविधानाच्या अनुच्छेद २७ नुसार, ज्याचे उत्पन्न एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी खास राखून ठेवले आहे, असा कर भरण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही. हज अनुदानाविषयीच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, करांचा मोठा भाग तसा वापरला जात असेल तरच या अनुच्छेदाचा भंग होतो, अशी भूमिका घेतली. आमच्या अर्जातली रक्कम पाहता हा अडथळा ठरला नसता. तरीही अर्ज लिहिणाऱ्याला आपण काय मागत आहोत हे ठाऊक नव्हते, हे त्यातून उघड झाले. तो अर्ज मी लिहिला होता.

यात्रा पुढे ढकलण्याचा तिसरा विचार फार वेळ टिकला नाही. पाडवा हलवता येत नाही. अहिल्याबाईंच्या जयंतीला, ३१ मे रोजी, यात्रा काढावी असे एकाने म्हटले. पण इंदूरचे मतदान १३ मे रोजी होते आणि मतमोजणी ४ जूनला, म्हणजे त्या दिवशीही आचारसंहिता लागू असणार होती. शिवाय मेअखेरच्या उन्हात लहान मुलांना नाचवणे योग्य नव्हते.

उरला तो चौथा मार्ग: रोख मागणी मागे घेणे, यात्रा आपल्या पैशात बसेल एवढी करणे, आणि निगमाकडे केवळ नेहमीच्या नागरी सेवा रीतसर मागणे.

काय केले

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोन स्वतंत्र पत्रे दिली. पहिल्यात अनुदानाचा अर्ज मागे घेतल्याचे कळवले. हे पत्र देऊ नये, अर्ज "पडून राहू द्यावा", असे काहींचे मत होते. पण ऐन निवडणुकीत तो कोणी पुढे सरकवला असता, तर समितीइतकेच पार्षदही अडचणीत आले असते. दुसऱ्या पत्रात चार सेवांची यादी होती: मार्गाची झाडलोट, पाण्याचा एक टँकर, दोन चलित शौचालये आणि यात्रेनंतर कचरा उचलण्याची गाडी. प्रत्येक सेवेपुढे जागा आणि वेळ लिहिली. यात्रेत एकदाच वापरायचे प्लास्टिकचे पेले आणि थर्माकोल नसेल, ओला-सुका कचरा आमचे स्वयंसेवक वेगळा करून देतील, असेही नमूद केले. स्वच्छतेत देशात वर्षानुवर्षे पहिल्या आलेल्या शहरात हे वाक्य अर्जात असणे शोभेचे नसते. तपासणारा ते आधी पाहतो.

पार्षदांना अध्यक्ष स्वतः जाऊन भेटले. या भेटीची सर्वांना धास्ती होती, कारण शब्द त्यांनी दिला होता आणि आम्ही तो परत करत होतो. अध्यक्षांनी सांगितले, "भाऊ, तुमच्यावर राग नाही. आमचाच कागद कच्चा होता." पार्षदांनी ते मोकळेपणाने घेतले. मात्र त्यांच्या कार्यकर्त्यांनी लावलेले शुभेच्छांचे दोन फलक मार्गावर होते, ते आचारसंहितेत बसत नव्हते, आणि ते काढायला सांगणे हे पैशाच्या बोलण्यापेक्षा अवघड गेले. अखेर फलक उतरले.

पोलीस परवानगीसाठी नवा अर्ज केला, कारण आधीच्या अर्जातला मार्ग लांब होता. नव्या मार्गात मुख्य बाजारपेठेचा भाग वगळला. डीजे आमच्याकडे कधीच नव्हता, पण डिसेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने ध्वनिक्षेपकांबाबत कडक आदेश काढल्यापासून परवानगी देणारे अधिकारी आवाजाविषयी आधी विचारत. तेव्हा ढोल-ताशाशिवाय कोणतीही ध्वनियंत्रणा नाही, असे आम्ही लिहून दिले. त्यामुळे ध्वनियंत्रणेवर होणारा खर्चही वाचला, आणि यादीतल्या मोठ्या खर्चांपैकी तो एक होता.

तीन चित्ररथांपैकी एकच ठेवला. हा निर्णय सर्वांत जिव्हारी लागला. बारवांचा चित्ररथ दहावी-अकरावीच्या मुलांनी पुठ्ठ्याच्या पायऱ्या कापून जवळजवळ पूर्ण केला होता, आणि तो रद्द झाल्याचे त्यांना मी सांगायचे ठरले. एक मुलगी म्हणाली, "ताई, पैसे आम्ही जमवतो." तिला नाही म्हणावे लागले, कारण ट्रॉलीचे भाडे हाच खरा खर्च होता. शेवटी त्या पायऱ्या आम्ही यात्रेच्या समारोपाच्या जागी जमिनीवरच मांडल्या.

बयाण्याचे काय झाले, ते थोडक्यात सांगते. मांडववाल्याने संपूर्ण रक्कम परत केली, फुलवाल्याने निम्मी, आणि ट्रॉल्यांचा बयाणा बुडाला. ट्रॉलीवाल्याला व्यवहाराच्या दृष्टीने दोष देता येत नाही. त्याने आमच्यासाठी दुसरे काम सोडले होते.

पाडव्याचा दिवस

९ एप्रिलच्या पहाटे झाडलोट झालेली होती आणि टँकर ठरलेल्या जागी उभा होता. शौचालयांपैकी एकच आले. दहा दिवसांपूर्वी, ३० मार्चला, रंगपंचमीची गेर (रंग उधळत निघणारी मोठी मिरवणूक) होऊन गेली होती आणि शहराची यंत्रणा तेव्हापासून धावपळीत होती, ही गोष्ट आम्ही नियोजनात धरली नव्हती. पाडवा रंगपंचमीनंतर दहा-अकरा दिवसांनीच येतो, हे काही नवे नाही.

यात्रा आदल्या वर्षीपेक्षा लहान होती, तरी रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली माणसे कमी नव्हती. सकाळी नऊच्या आत समारोप झाला. कचऱ्याच्या दोन ढिगांत पिवळे झेंडू आणि कागदी पत्रावळी एवढेच होते, आणि गाडीवरचा कर्मचारी ते पाहून थांबून बोलला, हे मला आजही आठवते.

निष्पत्ती

हिशेबात तूट आली. ती बहुतेक करून बुडालेल्या बयाण्याएवढीच होती आणि कार्यकारिणीतल्या सात जणांनी ती वाटून घेतली. वर्गणीदारांवर ती टाकायची नाही, असे ठरले, कारण मंजुरीशिवाय खर्च ठरवणारे आम्हीच होतो. जमाखर्च छापून मंडळाच्या फळ्यावर लावला, त्यात "अनुदानाच्या अपेक्षेने केलेला व वाया गेलेला खर्च" अशी ओळ स्पष्ट लिहिली. त्या ओळीवरून थोडी नाराजी झाली. ती काढायला कोषाध्यक्ष तयार झाले नाहीत.

त्यानंतर मध्यप्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ अन्वये समितीची नोंदणी करण्याचे काम हाती घेतले. किमान सात सभासद लागतात, आणि तूट भरणारे तेच सात जण संस्थापक सभासद झाले. समितीच्या नावे खाते उघडले.

२०२५ च्या पाडव्यासाठी नोव्हेंबर २०२४ मध्येच बैठक घेतली. पाडवा रविवारी, ३० मार्चला होता, म्हणजे वर्षाच्या अलीकडे, म्हणून रोख अनुदान पुन्हा मागावे, असा आग्रह झाला. या वेळी आम्ही दिनदर्शिका पुढे ठेवली. पाडव्यानंतर वर्षाचा एकच दिवस उरत होता, आणि त्या ३१ मार्चला ईद येण्याची शक्यता होती. सोमवारी ती आलीच. बिल, मोजमाप, टीप आणि धनादेश हे सगळे एका सुट्टीच्या दिवशी होणार नव्हते. म्हणून समितीने रोख रक्कम न मागता मांडव, कठडे आणि प्रकाशव्यवस्था निगमाच्या ठरलेल्या दराच्या कंत्राटदाराकडून मिळावी, एवढीच विनंती केली. त्यात पैसा समितीच्या हाताला लागतच नाही. देणे-घेणे निगम आणि कंत्राटदार यांच्यात राहते. कठडे आणि मांडव मिळाले. प्रकाशव्यवस्था मिळाली नाही, आणि पहाटेच्या यात्रेला ती फारशी लागलीही नाही.

वेगळे काय करता आले असते

जेथे आम्ही खऱ्या अर्थाने चुकलो तो दिवस १६ मार्च नव्हता. आचारसंहिता येणार हे जानेवारीत वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला दिसत होते. २०१९ मध्येही ती मार्चमध्येच लागली होती. आम्ही चुकलो तो फेब्रुवारीत, ट्रॉल्यांना बयाणा देताना. अनुदान मिळेल असे धरून वाढवलेला खर्च आणि अनुदान मिळाल्यावर वाढवायचा खर्च, अशा दोन स्वतंत्र याद्या तेव्हा केल्या असत्या, तर बारवांचा चित्ररथ दुसऱ्या यादीत राहिला असता आणि मुलांना सुरुवातीपासून खरे सांगता आले असते. पैशाची तूट सात जणांनी भरली, पण त्या मुलांचा महिना परत देता आला नाही, आणि मला याच गोष्टीचे सर्वांत अधिक वाईट वाटते.

दुसरे असे की पार्षदांच्या सदिच्छेचा आम्ही मंजुरी म्हणून अर्थ लावला. प्रस्ताव महापौर परिषदेपुढे जाऊन ठराव होणे, तरतुदीचे शीर्ष ठरणे आणि आयुक्तांच्या कार्यालयातून लेखी आदेश निघणे, यांपैकी कोणतीही पायरी झाली आहे का, हे विचारणे उद्धटपणाचे ठरेल, असे आम्हाला वाटत होते. वास्तविक ते विचारले असते, तर पार्षदांनाच सोपे गेले असते.

रोख मदत मागायचीच असेल, तर ती स्मरणिकेसारख्या वर्षभरात केव्हाही करता येणाऱ्या कामासाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात मागावी आणि पाडव्यासाठी फक्त सेवा मागाव्यात, असा एक विचार आता समितीत आहे. त्यावर एकमत झालेले नाही. काहींना अनुदानाची गरजच वाटत नाही. वर्गणी देणारा माणूस यात्रेला स्वतःची समजतो, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य आहे. मी मात्र दुसऱ्या बाजूची आहे. या शहराच्या रस्त्यावर आमची सकाळ निघते, तर तिच्यात शहराच्या तिजोरीचा छोटा का होईना, रीतसर वाटा असावा, असे मला वाटते.

२०२६ चा पाडवा १९ मार्चला येतो, तेव्हा बिलासाठी बारा दिवस हाती राहतात. २०२७ चा ७ एप्रिलला आहे, म्हणजे पुन्हा वर्षाच्या पलीकडे, आणि जुलै २०२२ मध्ये निवडून आलेल्या परिषदेची पाच वर्षांची मुदतही त्याच वर्षी संपत असल्याने निगम निवडणुकीची आचारसंहिता केव्हा लागेल, हे पाहून ठेवावे लागेल. समितीच्या नव्या वहीच्या पहिल्या पानावर कोषाध्यक्षांनी या दोन तारखा आधीच लिहून ठेवल्या आहेत, आणि २०२७ च्या पुढे कंसात लिहिले आहे: "बयाणा नाही."